फ्लेक्सवरची एम.एड.

हातात तुळशीचं पान घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा. खोटा निघाला तर उद्यापासून माझ्या चहात साखर घालू नका.

मिरजगावजवळच्या एका वस्तीवरचा सहादेव. त्याची सून आरती तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. घराण्यात पगारी नोकरी करणारी पहिलीच. त्यामुळं सहादेव रस्त्यानं निघाला की छाती आधी पोचायची, तो मागून यायचा.

एके दिवशी जेवताना आरती म्हणाली, "मामा, पुढं शिकावं म्हणते. एम.एड. वगैरे."

त्यातलं 'वगैरे' सहादेवानं ऐकलंच नाही. सकाळी न्याहारी न करता गडी मिरजगावला फ्लेक्सवाल्याकडं हजर.

"आबा, 'एम.एड. करणार' लिहू का 'झाली' लिहू?"

"करनार लिव्हलं तर कोन मान वर करून बघनार हाय? झाली म्हून लिव्ह! आज ना उद्या हुनारच हाय की."

फ्लेक्स फाट्यावर लागला. मधोमध आरतीचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी भावकी. कुणाचं नाव राहिलं तर रुसवा नको, म्हणून पाळण्यातलं पोरसुद्धा घातलं. म्हशी तेवढ्या राहिल्या.

दुपारपर्यंत फ्लेक्सचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. केंद्रप्रमुखांनी पुष्पगुच्छ धाडले, फोनमधलेच. सरपंच काकासाहेबांनी रविवारी मारुतीच्या देवळापुढं सत्कार ठरवला. सत्कार म्हटल्यावर मंडप आला, मंडप म्हटल्यावर स्पीकर, आणि स्पीकर एकटा कसा दिसणार म्हणून बँड.

संध्याकाळी आरती शाळेतून आली ती तडक सासऱ्यापुढं.

"मामा, हे काय करून ठेवलंत? मी अजून फारमसुद्धा भरला नाही! आणि आज चौकशी केली, एम.एड. मला करायचंच नाही."

"आं? का गं?"

"दोन वर्षं रोज कॉलेजात बसावं लागतं, शाळा सोडून. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेली पोरं कुणाच्या जिवावर ठेवू? मी मुक्त विद्यापीठातून एम.ए. करणार, शिक्षणशास्त्रात. अभ्यास घरी, शाळा चालू."

"मंग त्येच कर की. रईवारी तेवढी शाल घे अन् गप बस."

"खोटी शाल अंगावर घ्यायची आणि सोमवारी पोरांना म्हणायचं, खरं बोला? मी येणार नाही."

"पोरी, आता फ्लेक्स उतरीवला तर लोक म्हनतील नापास झाली!"

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या रंगुबाईनं, म्हणजे सहादेवाच्या बायकोनं, तिथूनच सुनावलं, "पोरीला न इचारता गावभर मिरावलात न्हवं? आता तुमीच निस्तरा."

रविवार उजाडला. सहादेव पटका बांधून मंडपात गेला.

"सून कुठाय?" काकासाहेबांनी विचारलं.

सहादेवानं पटका सावरला. सरळ माइक धरला.

"मंडळी, माझी सून एम.एड. झाली न्हाई."

सनईवाल्यानं तोंडाला लावलेली सनई खाली घेतली.

"फारमबी भरला न्हाई. समदी चूक माझी. तिला लई शिकायचंय, पर तुमची पोरं सोडून जायाचं न्हाई, म्हून ती घरी बसून दुसरी मोठी डिग्री घेनार हाय. मला तिचा इतका अभिमान, की धीरच निघाला न्हाई. पीक उगवायच्या आदीच खळं केलं म्यां!"

स्पीकरचा भोंगा नेमका सहादेवाच्या घराकडं तोंड करून होता. आरती पीठ मळत होती. ऐकलं आणि तशीच निघाली, कोपरापर्यंत पिठानं माखलेली.

"मामा," मंडपात येऊन ती म्हणाली, "एम.ए.चा फारम मी सकाळीच भरला."

"भरला? वाजीव रं!" सहादेव बँडवर ओरडला.

"अहो, थांबा," काकासाहेब म्हणाले, "फारम भरल्याचा कुठं सत्कार असतो व्हय?"

"आमच्यात असतो!" बायकांच्या गर्दीतून रंगुबाई गरजली.

झालं! पिठाच्या हातांनी आरतीनं शाल घेतली, नारळ घेतला. तेवढ्यात मागून दोन मास्तर उठले.

"सरपंच, आमी पन कधीचं भरू भरू म्हनतोय. बँड हाय तवर आमचं बी उरकून घ्या."

त्यांचं बघून इतरांचेही मोबाईल मांडवातच निघाले. आरती एकेकाला सांगत होती, तुम्ही हा विषय घ्या, तुम्ही तो. एक फारम गेला की एक गाणं. सत्काराचे नारळ संपले, तर देवापुढचा उचलून आणला. आणि सहादेव? पठ्ठ्या डोळ्यांत टिपूस न आणता माइकपाशी ताठ उभा.

बाकी सगळं खरं. एवढं शेवटचं मात्र माझ्या पदरचं. ताठ कसला! पटक्यात तोंड खुपसून हुंदक्यावर हुंदके देत होता, आणि रंगुबाई त्याला ढोसत होती, "अवो, गप ऱ्हावा. माइक चालू हाय."