सुभेदार शिर्के आणि आमचा पंधराचा संघ

सुभेदार शिर्के कलिंगड पिशवीत घालत नाहीत. ते काखोटीला मारतात, खांदा पुढे काढतात आणि जमियाच्या गर्दीतून मुसंडी मारत थेट काउंटर गाठतात. जमिया म्हणजे इथं आखातात, आमच्या महबूल्यातलं सहकारी दुकान. बायाबापड्या ट्रॉल्यांसकट बाजूला होतात.

"पडलं तर?" मी एकदा विचारलं.

"पडलं तर आपण त्याच्यावर पडायचं. सोडायचं नाही!"

भारताकडून परदेशात रग्बी खेळलेल्या सुरुवातीच्या गड्यांपैकी हे एक. पुढे सीमेवर लढाई झाली, तिथंही गेले. आता एका तेल कंपनीत सुरक्षेचं काम बघतात आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. लढाईचं विचारलं की सामन्याचं सांगतात. "पहिल्याच मॅचला असं तुडवलंय आम्हाला! पण पंधराच्या पंधरा उठून उभं राहिलो बघा."

यंदा इथं क्षेपणास्त्रं येऊ लागली, सायरन वाजू लागले, तसा शिर्क्यांनी मजल्यावरच्या आम्हा पंधरा जणांचा संघच केला. प्रत्येकाला नंबर. मला एक. "एक नंबर म्हणजे वजनदार गडी," ते म्हणाले. बायको हसली. मी पोट आत घेतलं. सायरन झाला की तळघरातल्या पार्किंगमध्ये जमून हजेरी द्यायची. आमची लेक "प्रेझेंट, अंकल" म्हणाली की गरजायचे, "नंबर सांग, नंबर!"

मला तर सायरन नसतानाही ऐकू यायचा. शेजारी मिक्सर लागला तरी मी चपला शोधायचो.

परवा दुपारी खराच वाजला. सगळे धावत खाली. हजेरी चौदावर अडकली. सासूबाई नव्हत्या! नाशिकहून महिन्याभरासाठी आलेल्या. मला वाटलं, बायकोनं आणलं. बायकोला वाटलं, मी.

मी जिन्याकडे वळेपर्यंत शिर्के वर दिसेनासे झाले होते. तेवढ्यात लांब कुठेतरी धडाम झालं. बायकोनं माझा दंड असा धरला की बोटं अजून उमटलेली आहेत.

शिर्के आले ते सासूबाईंना उचलूनच. त्या त्यांच्या पाठीत बुक्क्या घालत होत्या. "सोडा हो! दूध गॅसवर ठेवून यायचं का माणसानं?"

"गॅस बंद केलाय, आजी. मी स्वतः केलाय."

धोका टळल्याचा भोंगा झाला. मंडळी मोठमोठ्यानं बोलत वर निघाली. शिर्के मात्र खांबाला टेकून खाली बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

"तुम्ही व्हा पुढं, कुलकर्णी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर एकट्याला ऐकवत नाही हो तो आवाज. म्हणून तर हा सगळा संघ."

सासूबाईंनी जाता जाता ते ऐकलं. या बाई लिफ्टला नाकं मुरडतात, रोज चार मजले पायी चढतात. त्या पदर खोचून शिर्क्यांशेजारी फरशीवर बसल्या.

"मला नाही बाई एवढ्यात चढवायचं," त्या म्हणाल्या. "गुडघे भारी दुखतायत. बसा हो जरा माझ्या सोबतीला."