पिवळा येत नाही

प्रिंटरमधून चौथा कागद बाहेर आला आणि त्यातही गाडी पांढरीच होती.

सिस्टरनी कागद दोन्ही हातांनी ताणून धरला आणि प्रिंटरकडे पाहिलं. वॉर्डातल्या शिकाऊ मुली या नजरेला घाबरून बेडपॅन घेऊन पळायच्या. प्रिंटर आपला दिवा लुकलुकवत बसून राहिला.

"मोबाइलमध्ये पिवळीजर्द, कॉम्प्युटरवर पिवळीजर्द, आणि हा मेला कागदावर पांढरी काढतोय."

"झाडं पण निळी आलीत," व्हीलचेअरमधून नवरा म्हणाला. "ऑक्सिजन लावायला झालाय त्यांना."

"तुम्ही गप्प बसा."

"बसलोच आहे."

सिस्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. नवरा कारखान्यात टर्नर होता. लेथवर उभं राहून आयुष्य काढलं आणि नेमके पायच गेले. इमारतीच्या दारात तीन पायऱ्या. त्या तीन पायऱ्यांच्या शेजारी सिमेंटचा एक रॅम्प करून घ्यायला सिस्टरना कमिटीशी सात महिने भांडावं लागलं. रॅम्प वाळला न वाळला तोच त्याच्या तोंडाशी एक पिवळी गाडी लागायला लागली. गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या जागांच्या दलालाची. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मी? छे हो सिस्टर, मी तिथं लावतच नाही." आता तर सलग तेरा दिवस टर्नर खाली उतरले नव्हते.

गेल्या बैठकीत सिस्टरनी काळापांढरा फोटो नेला होता. सेक्रेटरीनं चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "यात गाडीचा रंग कळत नाही. उगाच कुणावर आळ नको. रंगीत आणा, कागदावर. फाइलला लावावा लागतो." माणसाला तीन पायऱ्या उतरायच्या आहेत, आणि यांना फाइलला कागद हवाय. असल्या लोकांना एकेक दिवस व्हीलचेअरमध्ये बसवून ठेवावं आणि वर अर्ज लिहायला लावावा.

आज अकराला बैठक होती. रविवार, त्यामुळे प्रिंट काढून देणारं एकही दुकान उघडं नव्हतं. पुढची बैठक तीन महिन्यांनी.

सिस्टरनी शाईवाल्याला फोन लावला.

"काल दिलीत ती पिवळी शाई आहे का नुसतं पाणी?"

"हेड क्लीनिंग केलं का, ताई?"

"तीनदा केलं."

"आणखी एकदा करून बघा."

"पेशंट गेल्यावरसुद्धा सलाईन चालू ठेवणारी माणसं तुम्ही."

"ताई, आमच्याकडून भरून घेतलं असतं तर गॅरंटी दिली असती. तुम्हीच म्हणालात, मी घरी भरते."

हे खरं होतं, आणि म्हणूनच सिस्टर जास्त भडकल्या. काल त्या दुकानात गेल्या होत्या. शाईवाल्यानं हातमोजे न घालता सिरिंज उचलली, सुई तिरकी धरली, आणि सिस्टरनी कार्ट्रिज त्याच्या हातातून काढून घेतलं. एकतीस वर्षं सुया टोचलेली बाई हे उघड्या डोळ्यांनी कशी बघणार? शाईच्या तिन्ही बाटल्या घरी आणून त्यांनी स्वतः लाल, निळा, पिवळा भरला. हळूहळू, हवेचा बुडबुडा येऊ न देता. कार्ट्रिज जागं असतं तर त्यालासुद्धा कळलं नसतं.

फोन आपटून त्यांनी चौथ्यांदा हेड क्लीनिंग केलं. प्रिंटर दोन मिनिटं कण्हला. पाचवा कागद आला. गाडी पांढरी. त्यांनी कार्ट्रिज काढलं, कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं त्याचं तोंड पुसलं, परत बसवलं. कॉम्प्युटरवर पाटी आली, की हे कार्ट्रिज मूळ कंपनीचं नाही.

"आता हा कुळ विचारतोय."

"इकडे दे जरा," टर्नर म्हणाले. त्यांनी कार्ट्रिज हातात घेऊन फिरवून पाहिलं, जसं आयुष्यभर लोखंड पाहिलं होतं. "वर हे काय लावलंयस?"

"ड्रेसिंग. सुई टोचल्यावर भोक काय उघडं ठेवतात?"

"तिन्हींना?"

"लाल-निळ्याला साधी पट्टी. पिवळा भरताना जरा वर आला, म्हणून त्याला कापूस दाबून वर दोन पट्ट्या. घट्ट."

टर्नरनी कार्ट्रिज परत दिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पूर्वी ते सलाईन काचेच्या बाटलीतून यायचं ना, त्या बाटलीला तुम्ही आणखी एक सुई कशाला टोचायचात?"

"हवा आत जायला. हवा गेली नाही तर थेंब पडत नाही खाली. पहिल्या वर्षाच्या पोरीलासुद्धा हे..."

सिस्टर थांबल्या.

टर्नर खिडकीबाहेरच बघत राहिले. मशीन कधी बंद ठेवायचं हे त्यांना चांगलं कळत होतं.

सिस्टरनी पिवळ्यावरच्या पट्ट्या ओढून काढल्या. इतक्या निर्दयपणे त्यांनी जिवंत माणसाच्या कधी काढल्या नव्हत्या. घड्याळात अकराला पाच कमी होती.

"शाई खाली झिरपायला अर्धा तास लागेल," टर्नर म्हणाले.

"अर्ध्या तासात चहा पिऊन घरी जातात ते." त्यांनी पाचवा कागद उचलला. "तोंडानं सांगते पिवळी आहे म्हणून."

"तोंडाची मला काळजी नाही."

बैठक तळमजल्यावर, विजेच्या मीटरांच्या खोलीत होती. दलाल पायावर पाय टाकून समोरच बसला होता. सिस्टरनी कागद टेबलावर आपटला.

"हा रॅम्प. ही त्याच्या तोंडावर गाडी. गॅलरीतून काढलाय, म्हणून नंबर दिसत नाही. आता राहिला रंग, तर..."

"दिसतोय की रंग," दलालानं कागद ओढून घेतला. आधी त्याचा चेहरा मार खायच्या तयारीत होता, तो एकदम खुलला. "पांढरी. स्वच्छ पांढरी. बघा सिस्टर, मी सांगत नव्हतो?"

सिस्टरनी तोंड उघडलं, आणि त्यांचं लक्ष सेक्रेटरीकडे गेलं. वरच्या ओठावर घाम, नजर फाइलीत. रिपोर्टचा लिफाफा डॉक्टरच्या आधी फोडून पाहिलेला माणूस असा बसतो.

"मी फक्त जेवायला येतो तेव्हा," सेक्रेटरी म्हणाला. "दहा मिनिटं. फार तर वीस. तिकडं सावली असते."

त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

सिस्टरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुपारी पिवळी हलली, की तिच्या जागी सेक्रेटरीची पांढरी येत होती. दुपारी त्या टर्नरना आंघोळ घालण्यात गुंतलेल्या, त्यांना पत्ता नाही. आणि म्हणून याला पुरावा पुरत नव्हता, म्हणून हा रंगीत कागदाचं निमित्त काढून विषय लांबवत होता.

"शोभतं का हे तुम्हाला?" दलाल उठून उभा राहिला. "आजारी माणसाची वाट अडवायची? सेक्रेटरी म्हणवता? अहो, अशांच्या टायरमधली हवा सोडली पाहिजे. मी ठराव मांडतो. रॅम्पसमोर कुणाचीही गाडी, कुठल्याही कारणानं, एक मिनिटसुद्धा लागणार नाही. साखळी लावा, कुलूप लावा, किल्ली सिस्टरकडे."

"माझं अनुमोदन," सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाला.

पहिली सही दलालानं केली, ऐटीत, खाली दोन रेघा मारून.

मोठ्या डॉक्टरांपुढेसुद्धा जे तोंड कधी मिटलं नव्हतं, ते सिस्टरनी मिटलं. नमस्कार केला आणि वर आल्या.

टर्नर दारातच नवा कागद घेऊन बसले होते. गाडी पिवळीजर्द, झाडं हिरवीगार. "आला बघ. पळ, दाखव त्यांना."

सिस्टरनी घडलं ते सांगितलं. टर्नर हसून हसून खुर्चीतून घसरायला आले.

"हसताय काय? त्या दलालाला काय काय ऐकवायचं ते रात्रभर पाठ केलं होतं मी. एक शब्द बोलायला मिळाला नाही. चोरानंच न्याय केला आणि वर भाषण ठोकलं."

संध्याकाळी साखळी लागली. सिस्टरनी लिफ्टमधून टर्नरना खाली आणलं. कुलूप उघडायला त्या वाकल्या तर दलाल पुढं झाला. त्याची गाडी आता लांब, रस्त्यापलीकडे उन्हात उभी होती. साखळी त्यानं स्वतः बाजूला धरली.

"मी होतो म्हणून झालं बरं का, सिस्टर. नाहीतर ही कमिटी म्हणजे..." बोलून तो तिथंच उभा राहिला, आभाराची वाट बघत.

टर्नरनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. थर्मामीटरकडे बघतात तसं.

"उपकार झाले तुमचे," सिस्टर म्हणाल्या. एकेक शब्द टाके काढावेत तसा बाहेर आला.

"असू द्या, असू द्या. केव्हाही सांगा."

त्यांनी खुर्ची ढकलली. रॅम्प उतरल्या, अंगण ओलांडलं, फाटकाबाहेर रस्त्याला लागल्या. टर्नरनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती.

"अगं, हळू," ते म्हणाले. "उतार मागंच संपला."