आष्टा ते अमेरिका, व्हाया खंबाटकी

ज्ञानदाचा अमेरिकेतून दर रविवारी फोन यायचा आणि चिंतामण सरांचा चहा निवायच्या आत संपायचा. "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" झालं की दोन्हीकडे शांतता. मग "बरं बाबा, ठेवते." आष्ट्याच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेले सर, पत्नी गेल्यापासून घरातल्या पालीशी बोलायचे, आणि हल्ली तीही ट्यूबलाइटमागे जाऊन बसायची.

विश्वातल्या दोन लांबच्या जागा जोडणाऱ्या विवरांवर लेक संशोधन करते, एवढं त्यांना ठाऊक होतं. जास्त विचारलं की ती म्हणायची, "कंटाळाल बाबा." म्हणून सरांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून विषय स्वतःच तयार केला. परीक्षा घ्यायला कुणी नव्हतं, तेव्हा शेजारच्या गुंडा फ्लेक्सवाल्याला जेवायला बसवून तो शिकवला.

"ही भाकरी. या कडेला आष्टा, त्या कडेला अमेरिका. आता ती दुमडली आणि आरपार भोक पाडलं. झाली जवळची वाट."

"लय सोपं हाय की. मग माणसं जाईनात का?"

"भोकाचं तोंड लगेच मिटतं रे. आपल्या ओळखीचा सगळा पदार्थ आत ओढतो. तोंड उघडं ठेवायला बाहेर ढकलणारं काहीतरी लागतं, उणे ऊर्जेचं. ते अजून कुणाला सापडलेलं नाही."

"उणं व्हय? आमच्या धाकल्या भावात लय हाय," असं म्हणून गुंडानं ते विश्व कालवणात बुडवून खाल्लं.

पुढच्या रविवारी ज्ञानदा जाता जाता म्हणाली, "माझा पेपर छापून आला, बाबा." सर "छान" एवढंच म्हणाले. उरलेला आनंद कुठं ठेवावा कळेना, म्हणून तो गुंडाकडे नेऊन दिला. गुंडाला ब्रश धरायला सरांनीच शिकवलं होतं. त्यानं सकाळी एस. टी. स्टँडवर भला थोरला फ्लेक्स चढवला: 'ब्रह्मांडात आरपार मार्ग काढणाऱ्या आष्ट्याच्या सुकन्या कु. ज्ञानदा यांचे हार्दिक अभिनंदन.' फोटो दहावीतला, दोन वेण्यांचा. खाली शुभेच्छुकांत पहिला गुंडाचाच धाकला भाऊ, गॉगल लावून. आणि विवराचं चित्र दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसल्यामुळे मागे खंबाटकीचा बोगदा, त्यातून बाहेर पडणाऱ्या ट्रकसकट.

संध्याकाळी पलूसचे बागायतदार नानासो दारात हजर.

"सर, बोगदा माज्या द्राक्षबागंखालनं जातोय का, तेवढं सांगा."

"अहो, तो तसला बोगदा नाही. नुसता गणितात आहे."

"गणित झालं म्हंजे मोजणी उरकली की. आता खुणंचं दगड रोवाय येत्याल."

दुसऱ्या दिवशी नानासो आणखी बागायतदार घेऊन आले. सरांनी पुन्हा भाकरी दुमडून दाखवली, तसा सगळ्यांचा संशय पक्का झाला. तिथंच बोगदा विरोधी कृती समिती स्थापन झाली, आणि मुलीवर बापाचं वजन पडतं म्हणून अध्यक्ष सरांनाच केलं.

पलीकडची जरिना डबा घेऊन आली. "सर, माजा ल्योक कैफ दुबईत एकटा ऱ्हातोय. तुमचं ते तोंड उघडलं की पयला डबा त्याला धाडा."

"जरिना, आपल्या हयातीत ते होणार नाही."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पन कुणाला तर सांगावं वाटलं."

डबा सरांनीच खाल्ला.

फ्लेक्स उतरवायला सांगायचं, असं सर रोज ठरवायचे. पण चहाचं मोठं पातेलं कित्येक दिवसांनी माळ्यावरून खाली आलं होतं. घर भरलं होतं आणि ते सरांना आवडत होतं, हे खरं.

मग एका बुधवारी फोन वाजला. फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत अमेरिकेत पोचला होता. पोरगी रागावली तर रविवारही गेला.

"बाबा, माझ्या डोक्यामागून ट्रक येतोय."

"चुकलं खरं."

"आणि माझ्याविरुद्धच्या समितीचे अध्यक्ष तुम्ही?"

"बिनविरोध," सर हळूच म्हणाले.

"लोकांना तुम्ही नेमकं काय सांगितलंय?"

सरांनी भाकरीपासून सगळं सांगितलं. "तसं नसतं ते, बाबा," म्हणत ती समजावू लागली. निम्म्याहून अधिक सरांना येत होतं. तरी ते शेवटच्या बाकावरच्या पोरासारखे "म्हणजे कसं?" विचारत राहिले. ती चिडली, तिनं परत समजावलं, मधेच हसली. बोलता बोलता म्हणाली, इथं संध्याकाळी मलाही बोलायला कुणी नसतं. सरांचा चहा साय धरून बसला होता.

शेवटी ती म्हणाली, "नवा फ्लेक्स लावा. मजकूर मी सांगते." त्यासाठी दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला आणि तोही लांबला.

सर गुंडाच्या दुकानात गेले.

"सर, बगा. आता एक बी चूक न्हाई. लावू?"

सरांनी बराच वेळ पाहिलं. "खंबाटकी काढलास?"

"काढला."

"तिथं कात्रजचा बोगदा टाक."

"आवं सर, ताई परत फोन करत्याल."

सरांनी चष्मा काढून पुसला. "टाक म्हणतो ना, गुंडा. तोंड लगेच मिटतं रे."