हात धुऊन येते

एका जंगलात साळिंदरांचं एक कुटुंब राहत होतं. जंगल कोणतं ते विचारू नका, मुलांनो. जिथे बारा महिने घाम येतो, वाटेत फणस पडलेले असतात आणि पावसाळ्याआधीचा रस्ता पावसाळ्यानंतर दुसरीकडे सापडतो, असं ते जंगल होतं.

कुटुंबात चौघं होती. कंदमुळे खात्यात हेडक्लार्क असलेले त्रिंबकराव, त्यांच्या मातोश्री, लहानगी शेवंती आणि शेवंतीची आई मनोरमा. ही गोष्ट मनोरमाची आहे. पण ती घरात फारसं बोलत नसे. त्यामुळे गोष्टीत बराच वेळ इतरच बोलतील.

साळिंदरांना मिठाचं भारी वेड. त्या जंगलात मीठ म्हणजे टेकडीमागचा एक खारा दगड. तिथे रांग असे. गवे, सांबरं, हरणं पुढे आणि साळिंदरं सगळ्यांत मागे. मनोरमाचा नंबर लागेपर्यंत दगडाला मिठापेक्षा दुसऱ्यांच्या जिभेचीच चव जास्त असे.

एकदा रांगेत तिच्यापुढे एक म्हातारं सांबर होतं. ते म्हणालं, पश्चिमेला चार दिवसांच्या वाटेवर एक पाणी आहे आणि ते सगळंच्या सगळं खारं आहे.

"सगळं?" मनोरमाने विचारलं.

"सगळं. आणि रांग नाही."

त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत मनोरमाने नवऱ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. समुद्रावर जायचं, दोन ओंजळी पाणी प्यायचं आणि परत यायचं, एवढंच तिला हवं होतं. ते मिळालं नाही तर आपण या रांगेतच म्हाताऱ्या होऊ, अशी तिला भीती वाटे.

यंदा त्रिंबकरावांनी मनावर घेतलं. आठ दिवसांची रजा काढली आणि गाडी ठरवली. गाडी म्हणजे एक छकडा. तो ओढायला आणि चालवायला हणमंता गवा. गाडी वातानुकूलित होती. म्हणजे पुढे दोन झावळ्या बांधल्या होत्या आणि गाडी हलली की त्याही हलत.

चार साळिंदरांनी एका छकड्यात बसायचं तर काटे पाडून बसावं लागतं. रागावायचं नाही, दचकायचं नाही. एकाने काटे उभारले की चौघांना कळतं. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला ते कुटुंब फार समाधानी वाटे.

पहिल्याच कोसावर त्रिंबकराव म्हणाले, "इथे डावीकडे आपले वसंतदादा राहतात. उभ्या उभ्या भेटून जाऊ."

मुलांनो, उभ्या उभ्या भेटणे म्हणजे आधी बसणे. मग पाणी, मग चहा. मग 'आता जेवूनच जा'. मग जरा पडणे आणि उठल्यावर पुन्हा चहा. निघताना वसंतदादांनी सुरणाचा एक मोठा गड्डा गाडीत ठेवला. जाताच आहात तर पुढे कमळाआत्याकडे द्या, असं ते म्हणाले. कमळाआत्याने तो ठेवून घेतला आणि आपल्या दारचे दोन दिले. तेही पुढच्या घरी पोचवायचे होते.

त्रिंबकराव वाईट नव्हते. ते फक्त घाबरलेले होते. काही वर्षांपूर्वी ते एका काकांच्या बिळावरून न थांबता गेले होते. ते काकांना कळलं. त्यानंतर तीन लग्नांत काकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. साळिंदराने पाठ फिरवली की ती नुसती पाठ नसते. त्रिंबकराव तिन्ही लग्नांत उभ्याने जेवले होते.

तिसऱ्या दिवसापर्यंत नऊ घरं झाली. शेवंती दर वळणावर समुद्र आला का विचारी आणि दर वळणावर कोणीतरी काका येत. गाडीत सुरण इतकं झालं की पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा मनोरमा प्रथमच बोलली. एक दिवस कुठेही न थांबता सरळ जाऊ या का, असं तिने विचारलं.

"आणि त्यांना कळलं तर?" त्रिंबकराव म्हणाले.

हणमंता गवा मान न वळवता म्हणाला, "मालक, तुमी न्हाई गेला तर पावनं रुसत्यात. समुद्र काय रुसत न्हाई. म्हून त्याच्याकडं कुनी जात न्हाई."

चौथ्या दिवशी दुपारी वारा बदलला. मनोरमाने ओठांवरून जीभ फिरवली आणि ती एकदम ताठ बसली. ओठ खारट लागत होते. पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत होते. सरळ गेलं की समुद्र, उजवीकडे केवड्याच्या बनात त्रिंबकरावांची चुलत मावशी, गोदूमावशी.

त्रिंबकरावांनी सूर्याकडे पाहिलं. रजेचा हिशेब केला. उद्या पहाटे परत फिरायलाच हवं होतं, म्हणजे आज दोहोंपैकी एकच काहीतरी होणार होतं.

"समुद्र काय, पुढच्या वर्षीही असेल," ते म्हणाले. "मावशीचं सांगता येत नाही."

चार दिवसांत पहिल्यांदाच मनोरमाचे काटे उभे राहिले आणि ते चौघांना कळलं. रस्ता फार खराब आहे, असं सासूबाई म्हणाल्या.

गोदूमावशी खणखणीत होती. जेवताना तिने पुतण्याच्या लग्नाची हकीकत सुरू केली, ती मुलगी पाहायला गेले तिथपासून. मध्येच शेवंतीने समुद्राचं विचारलं. आहे म्हणतात इथेच मागे, मावशी म्हणाली. चाळीस वर्षं ती जाऊ जाऊ म्हणत होती. पण दाराशीच तर आहे, कधीही जाता येईल, म्हणून राहून गेलं होतं.

जेवणं झाली. हकीकतीत मुलीकडचे अजून पत्रिका मागत होते. मनोरमा उठली.

"हात धुऊन येते," ती म्हणाली.

"मागच्या दाराला पाणी आहे हो," मावशी म्हणाली आणि पुन्हा पत्रिकेकडे वळली.

मागच्या दाराला दगडी दोण होती आणि तीत पाणी होतं. मनोरमाने त्याकडे पाहिलं. मग दोणीपलीकडच्या पायवाटेकडे पाहिलं. मावशी काही खोटं बोलली नव्हती. मागच्या दाराला पाणी होतंच, फक्त अर्ध्या कोसावर. ती चालायला लागली. थोड्या वेळाने ती पळायला लागली.

समुद्राचं वर्णन मी करणार नाही, मुलांनो. मनोरमानेही तो नीट पाहिला नाही. ती थेट पाण्यात शिरली. सवयीने तिने एकदा इकडेतिकडे पाहिलं, आधी कोणाचा नंबर आहे ते. कोणाचाच नव्हता. घरी सांगून आली होती म्हणून तिने आधी हात धुतले. मग ओंजळ भरली आणि प्यायली.

पाणी खारट होतं. सांबराने सांगितलं होतं तितकंच.

मग तिने काटे उभारले, डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळे. कोणालाही टोचले नाहीत. तशीच ती बराच वेळ लाटांत उभी राहिली. तिला फार आनंद झाला होता आणि तो लपवायचं कारण तिथे नव्हतं. दुसरी ओंजळ ती अगदी हळूहळू प्यायली.

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. मावशी अजून रुखवतापर्यंतच पोचली होती. त्रिंबकराव मान डोलवत होते. ती किती वेळ बाहेर होती हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

"सापडलं का पाणी?" मावशीने विचारलं.

"सापडलं," मनोरमा म्हणाली.

सूनबाई घामाने किती भिजली आहे, या हवेत माणसाचं काही खरं नाही, असं सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी परत फिरली. मावशीने पाच गड्डे सुरण दिलं होतं. वाटेत त्रिंबकराव म्हणाले, "तुझा समुद्र राहिलाच. पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी आधी गोदूमावशींकडे जाऊ," मनोरमा म्हणाली. "त्यांच्या हकीकतीतलं लग्न अजून लागायचं आहे."

त्रिंबकरावांना भरून आलं. अशी समजूतदार बायको त्यांच्या खात्यात कोणालाच नव्हती.

शेवंती आईच्या मांडीवर पेंगत होती. पेंगतापेंगता तिने आईचा हात चाटला आणि डोळे उघडले.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुझा हात खारट लागतो."

मनोरमाने पुढे पाहिलं. नवरा रस्त्याकडे बघत होता, सासूबाईंना झोप लागली होती. तिने दुसराही हात मुलीपुढे धरला.

"चाट हवा तेवढा," ती म्हणाली. "इथे रांग नाही."

तात्पर्य: सहलीला निघाल्यावर वाटेतला एकही नातेवाईक चुकवू नये. त्यातही फार बोलणारे आधी गाठावेत. त्यांची एक हकीकत पुरी व्हायच्या आत आपला समुद्र पाहून होतो. आणि मुलांनो, जेवण झाल्यावर हात धुवायची सवय लहानपणीच लावून घ्यावी.