दारातला हंडा

भाईदास आबांचे गुडघे दुखतात, ही गोष्ट पाचोऱ्यात कोणाला कळू द्यायची नव्हती. गेल्या वर्षी त्यांच्या लेकीची, प्रमिलेची, एक सोयरीक त्याच पायी मोडली होती. पंगतीत पाटावर मांडी घालता येईना, म्हणून आबा "मी मागून जेवतो" म्हणत खांबाला टेकून उभे राहिले. हा एक तर मुलीच्या बापाचा ताठा आहे किंवा घराण्यातला रोग, असं पाहुण्यांनी ठरवलं, आणि दोन्ही नकोत म्हणून परतीची गाडी गाठली.

आज दोंडाईच्याहून झुलाल नाना, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील, बोलणी करायला येणार होते. जळगावच्या डॉक्टरांनी आबांना सांगितलं होतं, "औषध नको. कमरेपर्यंत ऊन पाण्यात निवांत बसत जा. सांधे मोकळे होतील." आबांनी तेलाचं एक पिंप अर्धं कापून आणलं आणि मागच्या पडवीत मांडलं.

पाणी तापवायचा बंब नेमका कल्हईला गेलेला. चुलीवर पुरण शिजत होतं. मागे कडब्याची गंजी, तिथे विस्तव नको. तेव्हा आबांच्या पत्नी भिकुबाई यांनी पुढच्या अंगणात, दारासमोरच, तीन दगड मांडून हंडा चढवला.

आबांनी बजावलं, "कोनी काही इचारं तरी तोंड उघडू नको."

"आन तानुबाईनी इचारं तं?"

"तिले तं मुळीच नही!"

आमच्या भागात दारासमोर उघड्यावर तीन दगडांवर हंडा चढतो तो एकाच प्रसंगी. त्या पाण्याने ज्याची आंघोळ व्हायची असते, त्याला पाणी ऊन आहे की गार, याची पर्वा उरलेली नसते. व्याह्यांच्या गडबडीत हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पहिला हंडा पिंपात ओतला गेला, आबा आत उतरले. दुसरा हंडा दगडांवर चढला. लाकडं ओली होती. भिकुबाई डोळे पुसत फुंकर घालत असताना शेजारच्या तानुबाई दारात थबकल्या.

"भिकू, काय व्हयनं व?"

भिकुबाईंनी नुसती मान हलवली.

"आबा कठे शेत?"

भिकुबाईंनी घराकडे बोट दाखवलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी वाहतच होतं.

तानुबाईंनी हंबरडा फोडला आणि भिकुबाईंच्या गळ्यात पडल्या. भिकुबाई हादरल्या. तानुबाईंच्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं, एवढंच त्यांना सुचलं. शेजारधर्म म्हणून त्यांनीही सूर लावला. दोघींचा आवाज ऐकून गल्ली लोटली. उखर्डू बांबू खांद्यावर टाकूनच आला. गावातली कुठलीही तिरडी त्याच्या हातची गाठ पडल्याशिवाय उठत नसे.

आत पडवीत आबांचा उजवा गुडघा कित्येक दिवसांनी न कुरकुरता वाकला होता. रडारड ऐकून ते वैतागले. "आजच कोन गया बुवा?" एवढ्यात उखर्डूचा आवाज आला.

"भाईदास आबा देवमानूस व्हतात! माले सख्खा भाऊ मानेत!"

आबांच्या अंगावर ऊन पाण्यातही काटा आला. गेलेला माणूस आपणच आहोत, हा धक्का मोठा होताच. पण बांधावरून भांडून वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेला उखर्डू रडतो आहे, हा त्याहून मोठा होता. ते ताबडतोब उठणार होते. पण जिवंतपणी इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं, आणि पाणीही अजून ऊन होतं. ते थोडा वेळ ऐकत बसले.

मग एक अनोळखी आवाज आला. "आम्ही दोंडाईचाथून ऊनूत, सोयरीकनं बोलाले. पन आसं शे तं मांघे फिरतस."

आबांनी पिंपातून उडी मारली, माजघर ओलांडलं आणि ओल्या पंच्यानिशी, वाफाळत, उंबरठ्यावरून थेट अंगणात उडी घेतली.

"नाना, थांबा!"

उखर्डूच्या हातातले बांबू गळाले. तानुबाई तुळशीला प्रदक्षिणा घालून पळाल्या. क्षणात अंगण रिकामं झालं. झुलाल नाना तेवढे जागच्या जागी उभे होते, कमरेवर हात ठेवून.

"तुम्ही जित्ता शेत?"

"जित्ताच शे, नाना."

"पाचोऱ्याना भाईदासले मांडी घालता येस नही, आसं दोंडाईचामा बठ्ठास्नी ऐकेल शे. तेच पाहाले ऊनू मी. आन तुम्ही तं हरणनागत उडी मारी!"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "ऊन पानी, नाना. दुसरं काहीच नही."

नानांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मीबी आते पळतू, पन कंबर धरेल शे. कोनले सांगू नका. उरेल शे का जराखं ऊन पानी?"

प्रमिलेचं लग्न पडवीत ठरलं. आबा पाटावर ऐटीत मांडी घालून बसले होते आणि नाना गळ्यापर्यंत पिंपात.

"जित्ता मानूसनी चौकशी करी तं लोके काहीबी सांगतस," नाना डोळे मिटून म्हणाले. "तुमनी चौकशी तुम्हले मरेल धरीसन व्हयनी, तरी लोके देवमानूसच म्हनतस. आते काय इचारनं?" आणि घरात हाक दिली, "ताई, पानी कोमट व्हयनं!"

भिकुबाईंनी लगबगीने बाहेर जाऊन दगडांवर आणखी एक हंडा चढवला.

गल्लीच्या टोकाला लोक दम खात उभे होते. उखर्डूने धूर पाहिला आणि मुकाट्याने बांबू पुन्हा खांद्यावर घेतले. तानुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"व माय! भाईदास उठना, आन व्याहीले लई गया!"