कडुबाला समन्स

"समन्स द्यायला काय लागतं? कागद द्यायचा, सही घ्यायची. तासाभरात आले बघा!" दीपमालानं घरमालकीण आवडाबाईंना सांगितलं आणि आपला निळा ड्रम गल्लीतल्या टँकरच्या रांगेत लावून ती निघालीसुद्धा. त्या वर्षी पाऊस असा रुसला होता की संभाजीनगरात पाहुण्याला आग्रहानं चहा मिळायचा, पण पाणी मागितलं की यजमान विषय बदलायचे.

दीपमाला कन्नडची. वकिलांच्या हाताखाली काम करायचा कोर्स करून ती दमयंती वकीलबाईंकडे शिकाऊ म्हणून लागली होती. तिला एकच खोड, जिथंतिथं 'का?' विचारायची. शिपाई नाव तीनदाच का पुकारतो, फायलीला दोरीच का, असल्या प्रश्नांनी बाईंचं डोकं उठायचं. आज मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, सही घेऊन आलीस तर पुढचं काम शिकवीन, नाहीतर टायपिंग करत बस.

दावा होता गोजरबाईंचा. शहराच्या कडेला नव्यानं उगवलेल्या वसाहतीत त्यांची आणि कडुबाची भिंतीला भिंत. बोअर दोघांनी मिळून घेतला, पण मोटारीचं बटण कडुबाच्या घरात. उन्हाळा लागताच कडुबानं बोअर आटल्याचं जाहीर केलं आणि गोजरबाई घागर घेऊन वणवण फिरू लागल्या. कोर्टाचा माणूस समन्स घेऊन गेला की दाराला कुलूप! शेवटी कोर्टाच्या परवानगीनं ते दीपमालाच्या हाती आलं. दारावर चिकटवलं तर कडुबा 'पाहिलंच नाही' म्हणणार, म्हणून बाईंना त्याची सहीच हवी होती.

आजही कुलूप होतंच. पण गच्चीवर चार सतरंज्या वाळत होत्या, टपटप पाणी गळत होतं. बोअर आटलेल्या घरात सतरंज्या कोण धुतं? दीपमाला हातात कागद घेऊन घराभोवती फिरू लागली.

समोरच्या भागूबाईंनी कागद बघितला, पेन बघितलं. टँकरचं हाय का, म्हणून त्यांनी विचारलं. दीपमाला खरं तेच बोलली, "नाय हो मावशी, मला निस्ती एक सही पायजे."

टँकरवाला सही घेतल्याशिवाय पाणी सोडत नसे. भागूबाईंना तेवढं पुरलं. त्यांनी एक हाक मारली आणि बघता बघता दीपमालाच्या मागं ड्रम, टिपं, हंडे, एक बाळाचा टबसुद्धा लागला. मी कोर्टातून आलेय, टँकर नाही, असं ती प्रत्येकाला सांगत सुटली. लोकांना वाटलं, पोरगी नातेवाइकांसाठी पाणी राखून ठेवतेय. मग तर कोणी हलेचना.

एवढ्यात मागच्या बोळातून घामाघूम झालेला एक माणूस ड्रम ओढत आला. "कडुबा आला," कोणीतरी म्हणालं. तो थेट रांगेत घुसला. भागूबाईंनी त्याचा ड्रम मागं सरकवायला धरला, तर ड्रम जागचा हलेना. त्यांनी झाकण उघडलं. आत काठोकाठ पाणी!

मागच्यांनी माना उंचावल्या. मागून गोजरबाई पुढं आल्या, ड्रममध्ये वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आटला व्हय रे बोअर?"

मग मात्र रांग मोडली आणि कडुबाभोवती गोल झाली. दीपमालाच्या हातातल्या कागदावरचा कोर्टाचा शिक्का बघून त्यानं घाईघाईनं तिचा दंड धरला. "ताई, सही कुठं करू? मला कोर्टातच न्या, लई उपकार होतील."

त्यानं सही केली. आता दीपमालानं गुपचूप निघावं की नाही? पण खोड कुठली जायला.

"घरात पाणी होतं, तर रांगेत का आलात?"

"नसतो आलो तर समद्यांनी विचारलं असतं, याला पाणी कुठून येतं म्हणून," कडुबा रडवेला होऊन म्हणाला. "घाईत भरलेलाच ड्रम उचलला."

सही बघून दमयंतीबाई खूश झाल्या. उद्यापासून शपथपत्र लिहायला शिकवीन, म्हणाल्या. दीपमाला तरंगतच गल्लीत शिरली.

तिचा निळा ड्रम रांगेबाहेर पालथा पडला होता. कोरडा ठणठणीत. त्याच्या जागी आवडाबाईंचा दुसरा ड्रम तुडुंब भरून उभा होता.

"माझा ड्रम कोणी काढला? का काढला?"

"तुझा तास लई लांबला," आवडाबाई म्हणाल्या. "तुला कोर्टात जायचं तर जा बाई. पर आधी सांग, उद्या आंघोळीला किती पाणी देऊ?"

जिभेवर आलेला पुढचा 'का?' दीपमालानं जन्मात पहिल्यांदा गिळला आणि ती बादली आणायला आत पळाली.