गच्चीवरचं बाळंतपण

"दिवे घालवा, वर बाळंतपण चाललंय!"

थंडीत संध्याकाळी जिन्यातून ही हाक आली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले जुने रहिवासी निमूट बाल्कनीतला दिवा घालवतात आणि नवे पाणी तापवायला धावतात. बाळंतीण म्हणजे मृग नक्षत्रातला तेजोमेघ आणि सुईण म्हणजे वरच्या मजल्यावरचे साळवेकाका, हे त्यांना हळूहळू कळतं.

काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुर्बीण घेऊन आले. "लोक फ्रिज आणतात, यांनी तोफ आणली," असं काकू अजून सांगतात. ती तोफ तेव्हापासून पूर्वेला, मिठागरांवरच्या आकाशाकडे रोखलेली आहे.

"तिथं तारे जन्मतात रे," काका मला समजावतात. "भोवती सगळा हायड्रोजन वायू. पोरं भलती तापट. त्यांच्यामुळे तो वायू लाल उजळतो. आपण बाळाला शेपा-ओव्याची धुरी देतो ना, तसं समज."

दुर्बिणीतून डोळ्याला करडा धूर दिसतो, लाली फक्त कॅमेऱ्यात उमटते. तरी गच्चीवर कुणी शिंकलेलं काकांना खपत नाही, बाळं दचकतात म्हणे. "माझी शिंक पोचेपर्यंत ती म्हातारी होतील," असं मी एकदा म्हणालो. पुढे बरेच दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

यंदा गच्चीवरून कुणाचे तरी पापड चोरीला गेले आणि सोसायटीने तिथे रात्रभर हॅलोजन लावायचं ठरवलं. पापड वाचणार होते, काकांचा तेजोमेघ मात्र त्या उजेडात बुडणार होता.

"वाट लागली यार," म्हणत काकांनी अख्खी कमिटी गच्चीवर बोलावली. एकेकाने दुर्बिणीला डोळा लावला. खजिनदारांनी विचारलं, "एवढी मोकळी जागा? बांधकामाला एफएसआय किती मिळेल?" आणखी एकांना तो तेजोमेघ बुरशी आलेला पापड वाटला. शेवटी सेक्रेटरी शहाभाई म्हणाले, "काका, खोटं नाही बोलत, यात काहीच बदलत नाही. मग रोज रोज काय बघता?"

मला वाटलं, आता काका भडकणार. ते दुर्बिणीवर हात ठेवून उभे राहिले.

"आमचा मुलगा वेळेआधी झाला होता. काचेच्या पेटीत ठेवलेला, वर लाल दिवा. हात लावू द्यायचे नाहीत. मी रोज जाऊन काचेतून बघायचो. बदल काहीच दिसायचा नाही. एक दिवस ड्युटी होती, म्हटलं उद्या बघू." काकांनी दुर्बिणीचं झाकण चाचपलं. "त्याच दिवशी गेला तो. म्हणून आता चुकवत नाही."

पापडांचा विषय निघालाच नाही. मला काकांना शिंकेवरून मारलेल्या त्या टोमण्याची लाज वाटली आणि त्यांचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही.

हॅलोजन लागला. पण त्याचं बटण शहाभाईंनी काकांच्या दाराशेजारी बसवून घेतलं. परवा संध्याकाळी काका टीव्हीपुढे जरा रेंगाळले, तर खालून शहाभाईंचीच हाक आली, "काका, दिवा घालवा ना! बाळं वाट बघत असतील."